विणकर, माग आणि कामाची वाटणी

कारखान्यातील स्वास्थ्याचा विचार निघाला, की मोकळी हवा, पुरेसा उजेड, पिण्याचे पाणी आणि यंत्रांभोवतीचे कठडे या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. त्यांची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु कामाच्या जागेचे स्वास्थ्य आणखी एका गोष्टीवर अवलंबून असते, व ती डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे कामाची वाटणी. कोणी कोणते काम करावयाचे, अडचण आली असता कोणाला हाक मारावयाची, आणि आज हलके काम करणाऱ्याला उद्या वरचे काम शिकण्याची वाट मोकळी आहे की नाही, या प्रश्नांवर कामगाराचे समाधान आणि मालाची प्रत ही दोन्ही ठरत असतात. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली झालेल्या एका प्रयोगाने हे चांगल्या प्रकारे स्पष्ट केले.

या गिरणीच्या एका साळखात्यात १९५२ साली स्वयंचलित माग बसविण्यात आले. साध्या मागावर धोट्यातील कांडी संपली म्हणजे विणकराला माग थांबवून ती बदलावी लागे. नव्या मागावर भरलेल्या कांड्यांचा साठा जोडलेला असे आणि माग चालू असतानाच रिकामी कांडी जाऊन नवी कांडी बसे. त्यामुळे एका विणकराला पुष्कळ माग सांभाळता येऊ लागले. यंत्रे उत्तम होती आणि अभियंत्यांनी प्रत्येक कामाला लागणारा वेळ काळजीपूर्वक मोजून माणसांची संख्या ठरविली होती. तरीही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना व सदोष कापडाचे प्रमाण कमी होईना.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक मानवी संबंध संस्थेतील संशोधक ए. के. राइस यांनी १९५३ साली या खात्याची पाहणी केली. तेथे २२४ माग व २९ कामगार होते आणि या २९ जणांत बारा निरनिराळी कामे वाटलेली होती. विणकर ८, कांड्यांचा साठा भरणारे ५, आणि ताण्याचे अनेक धागे एकदम तुटल्यास ते सांधणारे ३ होते. यांखेरीज नवा ताणा मागावर चढविणारे, कापड वाहून नेणारे, जॉबर व त्यांचे मदतनीस, तेल घालणारा, झाडूवाला इत्यादी कामगार होते.

कागदावर ही वाटणी निर्दोष दिसते. तिच्यातील उणीव कोठे होती, हे साध्या हिशेबाने कळते. आठ विणकरांमागे धागे सांधणारे तीनच होते, म्हणजे प्रत्येक विणकराच्या वाट्याला असा एक अष्टमांशाच्या तिपटीएवढा माणूस आला. साठा भरणाऱ्यांच्या बाबतीत हाच वाटा पाच अष्टमांश होता. एकाच वेळी दोन विणकरांच्या मागांवर धागे तुटले, तर सांधणाऱ्याने प्रथम कोणाकडे जावे? हे ठरविणारा कोणी त्या दोघांच्या जवळ नव्हता. सुताचा प्रकार बदलला म्हणजे काही कामे एकदम वाढत व काही कमी होत. परंतु एकाचा भार दुसऱ्याने उचलावा अशी सोय नव्हती. यंत्रे परस्परांवर अवलंबून होती, माणसे मात्र सुटी सुटी उभी होती. शिवाय प्रत्येक कामाची श्रेणी निराळी असल्याने साठा भरणाऱ्याने विणाई शिकावी, असा प्रसंगच सहसा येत नसे.

राइस यांनी सुचविलेला उपाय साधा होता. ठराविक मागांचा एक संच एका लहान गटाकडे सोपवावा, त्या संचाला लागणारी सर्व कामे गटाने आपसांत वाटून घ्यावीत, आणि गटाचा म्होरक्या गटातलाच असावा. ही कल्पना कानावर येताच कामगारांनी ती उचलून धरली व आपले गट स्वतःच जुळविले. श्रेणींची संख्या कमी करण्यात आली. जवळचे काम शिकणे हा आता गटाच्या नित्यक्रमाचाच भाग झाला, आणि हलक्या कामावरून अवघड कामावर जाण्याची पायरी कामगाराला समोर दिसू लागली.

आरंभीची वाढ काही काळाने ढासळली. सर्वांचे शिक्षण पुरे झालेले नव्हते आणि ताण वाढताच कामगार जुन्या सवयींकडे वळले. तेव्हा शिक्षणाकडे व यंत्रांच्या देखभालीकडे अधिक लक्ष पुरविण्यात आले आणि काम पुन्हा मार्गावर आले. मागांची कार्यक्षमता पूर्वी शेकडा सुमारे ८० होती, ती सुमारे ९५ झाली. सदोष कापडाचे प्रमाण शेकडा सुमारे ३२ वरून सुमारे २० पर्यंत उतरले. माग तेच होते आणि माणसेही बहुतांशी तीच होती. बदलले होते ते त्यांचे परस्परांशी असलेले नाते.

याच सुमारास ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत एरिक ट्रिस्ट व केन बॅम्फर्थ यांना असेच आढळून आले होते. नव्या यंत्रपद्धतीने खाणकामगारांचे जुने लहान गट मोडले आणि त्याबरोबर परस्परांचा आधारही नाहीसा झाला, असे त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. यंत्र व समाज यांची मांडणी एकाच वेळी व्हावयास हवी, हा विचार या दोन्ही अभ्यासांतून पुढे आला. त्याला सामाजिक-तांत्रिक व्यवस्थेचा विचार म्हणतात.

हा उपाय एकदा योजला की कायमचा टिकतो, असे मात्र नाही. एरिक मिलर यांनी १९७० पर्यंतच्या काळाचा मागोवा घेऊन १९७५ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. एका ठिकाणी गटपद्धती जवळजवळ मूळ रूपात टिकून होती. इतरत्र ती हळूहळू विरून जुनी वाटणी परत आली होती. परिस्थिती पालटत असता गटाला लागणारे शिक्षण, सामग्री आणि निर्णयाचा अधिकार यांचे रक्षण करणे हे व्यवस्थापनाचे काम असते. तिकडे दुर्लक्ष झाले म्हणजे गट नावापुरताच उरतो.

म्हणून एखाद्या गिरणीची, कचेरीची वा रुग्णालयाची पाहणी करताना तेथील खिडक्या व दिवे अवश्य मोजावेत. परंतु तेवढ्यावर थांबू नये. सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाला अडचणीत कोणाची मदत मिळते आणि त्याला पुढचे काम कोण शिकविते, हेही विचारावे. या दोन प्रश्नांची उत्तरे जेथे चटकन मिळतात, तेथील काम निकोप आहे असे समजण्यास बळकट आधार असतो.