क्रूझरचा मागचा टायर : किती रुंद, कोणत्या रिमवर?

क्रूझर जातीच्या मोटारसायकलीकडे मागून पाहिले, की नजर प्रथम टायरवर जाते. बैठक खाली, हँडल रुंद, पुढचे चाक सडपातळ आणि मागचे धष्टपुष्ट, ही या गाडीची ओळख. त्यामुळे गाडी घेऊन वर्ष उलटते न उलटते तोच अनेक मालकांची पावले पुण्याच्या नाना पेठेकडे किंवा आपापल्या शहरातील सुट्या भागांच्या बाजाराकडे वळतात आणि ‘मागे आणखी जाड टायर बसेल का?’ असा प्रश्न विचारला जातो. उत्तर बहुधा ‘बसेल’ असेच मिळते. ते खोटे असतेच असे नाही. पण टायर बसणे आणि तो गाडीला मानवणे यांत बरेच अंतर आहे.

या हौसेचे मूळ अमेरिकेत सापडते. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या मोटारसायकलींना १९५८ पर्यंत मागील सस्पेन्शनच नव्हते. खड्ड्यांचे धक्के सोसण्याचे काम फुगीर टायर आणि सीटखालच्या स्प्रिंगा करीत. म्हणजे जाडी ही त्या काळी सोय होती. ती शोभा झाली नंतर.

टायरच्या बाजूवर कोरलेले आकडे वाचता आले, की निम्मा प्रश्न सुटतो. बजाज ॲव्हेंजर २२० या आपल्याकडे परिचित असलेल्या क्रूझरचे उदाहरण घेता येईल. तिच्या मागच्या टायरचे माप १३०/९०-१५ आहे. पहिला आकडा रुंदी, १३० मिलिमीटर. दुसरा आकडा उंचीचा, पण तो मिलिमीटरमध्ये नसून रुंदीच्या टक्केवारीत असतो. १३० चे ९० टक्के म्हणजे ११७ मिलिमीटर. शेवटचा आकडा रिमचा व्यास, १५ इंच. नेमकी या टक्केवारीतच अनेकांची फसगत होते. १४०/९०-१५ टायर घेतला, तर केवळ रुंदी १० मिलिमीटरने वाढत नाही. उंचीही ११७ वरून १२६ वर जाते. परिणामी चाकाचा पूर्ण व्यास ६१५ मिलिमीटरवरून ६३३ वर पोहोचतो, म्हणजे सुमारे तीन टक्के वाढ. गाडीचा मागचा भाग ९ मिलिमीटर वर उचलला जातो आणि गिअर किंचित लांबल्यासारखे वाटून चढावर इंजिनाची ओढ कमी जाणवते. स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालत असेल तर त्याला काही फरक पडत नाही. परंतु तो मागच्या चाकावरून किंवा गिअरबॉक्सवरून चालत असेल तर खऱ्या वेगापेक्षा पूर्वीच्या तुलनेत कमी वेग दाखवू लागतो. याउलट १५०/८०-१५ टायर अधिक रुंद असूनही त्याचा व्यास ६२१ मिलिमीटरच भरतो, म्हणजे मूळ मापाच्या पुष्कळच जवळ. तेव्हा रुंदीसोबत टक्केवारी पाहिल्याखेरीज टायर निवडणे म्हणजे कापड न मोजता शर्ट शिवायला टाकणे होय.

मात्र खरी अडचण रिमची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. प्रत्येक टायर विशिष्ट रुंदीच्या रिमसाठी घडवलेला असतो. रिमची रुंदी इंचांत रिमवरच कोरलेली आढळते आणि कोणत्या टायरला किती रुंदीची रिम चालते याचे तक्ते टायर कंपन्या देतात. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, की त्याच्या दोन्ही कडा आत चिमटल्या जातात आणि माथा अधिक गोल होतो. ढोबळ हिशेबाने रिम अर्धा इंच कमी पडली, तर टायरची प्रत्यक्ष रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने घटते. म्हणजे ग्राहक पैसे मोजतो १५० चे, आणि चाकावर उभा राहतो त्याहून अरुंद टायर. तेवढ्यावर भागत नाही. सरळ रस्त्यावर टायर फक्त मधोमध झिजतो, आणि हवा थोडी कमी झाली की वळणावर मागचा भाग डुलू लागतो. रिम योग्य असेल तर एक पायरी रुंद टायर चालून जातो. रिम न बदलता दोन-तीन पायऱ्या उड्या मारणे हा शुद्ध धोका आहे.

आता जागेचा प्रश्न. मागच्या चाकाच्या एका अंगाला चेन, ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांत दुसऱ्या अंगाला ब्रेकचा दांडा, पुढे स्विंगआर्मचा आडवा भाग आणि वर मडगार्ड, अशी चारही बाजूंनी कोंडी असते. टायर वेगात किंचित फुगतो. मागे माणूस बसला आणि चाक खड्ड्यात आपटले, की ते मडगार्डच्या दिशेने बरेच वर सरकते. गॅरेजमध्ये स्टँडवर फिरवून पाहिलेले चाक त्यामुळे काहीच सिद्ध करीत नाही. १७० मिलिमीटरच्या टायरचा हट्ट धरल्यास प्रत्येक बाजूला २० मिलिमीटर जागा अधिक लागते. मग कोणी चाक चेनपासून दूर सरकवतो आणि पुढचे-मागचे चाक एका रेषेत राहत नाही. कोणी स्विंगआर्मच कापून वेल्डिंग करतो. हार्लेने २०१८ च्या ‘फॅट बॉय’ला मागे २४० मिलिमीटरचा टायर दिला, तो त्यासाठी आखलेल्या चौकटीत.

रुंद टायरमुळे पकड वाढते ही समजूतही तपासून घ्यावी लागेल. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग मुख्यतः गाडीचे वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतो. रुंदी वाढली की तो भाग आडवा पसरतो, पण लांबीला आखूड होतो. वळणावर गाडी कलली, की टेकण्याची जागा मधल्या रेषेपासून दूर जाते. म्हणून तेच वळण त्याच वेगाने घेण्यासाठी गाडी अधिक कलवावी लागते. १० मिलिमीटरच्या वाढीत हा फरक जाणवणारही नाही. २०० च्या टायरला मात्र हँडल जड लागते. काँक्रीटच्या रस्त्यांवरील लांबट सांध्यांत असा सपाट टायर चाकोरी धरतो, आणि साचलेल्या पाण्यात त्याला अधिक पाणी बाजूला सारावे लागते. आपल्याकडे वर्षातील चार महिने पावसाचे आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कापलेला स्विंगआर्म या तडाख्यातून सुटणे अवघड आहे. अपघातानंतर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते.

तरीही एक पायरी रुंद टायर घालायचाच असेल, तर भारांक आणि वेगचिन्ह मूळ टायरपेक्षा कमी असू नये. उदाहरणार्थ, ‘६६ पी’ या खुणेचा अर्थ ३०० किलो भार आणि ताशी १५० किलोमीटर वेग असा होतो. टायर बदलल्यावर चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर नव्या रबराची पकड कमी असते, तेव्हा वळणे जपून घ्यावीत. मग मागे माणूस बसवून खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारावी आणि मडगार्डची आतली बाजू, ब्रेकचा दांडा व चेनलगतची टायरची कड बोटाने चाचपून पाहावी. कुठेही घासल्याची चकाकी दिसली, तर जुना टायर परत चढवावा.