हजेरी आणि सेवा

१९०५ मध्ये पॉल हॅरिस यांनी शिकागो येथे पहिला रोटरी क्लब स्थापिला, तेव्हा सभासद आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमत. त्या आळीपाळीवरूनच संस्थेला नाव मिळाले. नित्य भेटीतून स्नेह वाढावा व स्नेहातून सेवा घडावी, हा त्यामागील हेतू. पुढे साप्ताहिक सभा आणि हजेरी हे सभासदत्वाचे बंधनच झाले. लागोपाठ चार सभा चुकविणाऱ्याचे सभासदत्व धोक्यात येई.

हे बंधन सर्वांनाच पेलते असे नाही. जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी लहान कारखाना चालविणाऱ्याला माल वेळेवर पोहोचवायचा असतो. यंत्र बिघडले तर स्वतः उभे राहावे लागते. ठरल्या वारी, ठरल्या वेळी त्याने सभेला यावे कसे? सेवेची इच्छा असूनही असा माणूस दाराबाहेर राहतो.

२०१६ मध्ये रोटरीच्या नियम ठरविणाऱ्या परिषदेने क्लबांना मोकळीक दिली. महिन्यातून किमान दोन सभा पुरेशा ठरल्या. कुटुंबासाठी किंवा व्यवसायसंस्थेसाठी निराळे सभासदत्व योजण्याची मुभाही मिळाली.

मात्र सवलत म्हणजे सुटका नव्हे. वर्गणी भरून वर्षभर न फिरकणारा सभासद केवळ यादी लांबवितो. म्हणून सवलत देतानाच क्लबाने त्याच्याकडे एक निश्चित काम सोपवावे. ज्याला सभेस येणे जमत नाही, त्याला शाळेतील मोडकी बाके दुरुस्त करून देणे जमेल. हजेरीपटाइतकीच त्या कामाचीही नोंद क्लबाने ठेवली पाहिजे.