तोंडात पिल्लं सांभाळणारा बाप

चंदेरी अंग, त्यावर काळे पट्टे आणि सी-अर्चिनच्या लांब काट्यांत लपायची सवय. हा बांगाई कार्डिनल मासा मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचाच. नर अंडी तोंडात धरतो. ती फुटल्यावरही पिल्लं काही दिवस तिथंच. तोवर बापाला कडक उपास! पिल्लं प्रवाहाबरोबर लांब जात नाहीत. म्हणून एका खाडीतले मासे उपसले, की शेजारून भर पडत नाही.

आणि उपसले किती? २००० नंतरच्या काही वर्षांत वर्षाला ७ लाखांवर, दिवाणखान्यांतल्या काचेच्या टाक्यांसाठी. २००७ साली तो धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत गेला. गंमत म्हणजे (गंमत कसली!) हा मासा टाकीतही सहज अंडी घालतो. दुकानात भाव विचारण्याआधी मी तरी विचारतो, ‘समुद्रातला की हॅचरीतला?’