दुसऱ्यांदा आलेला डेंगी

"एकदा डेंगी होऊन गेला, आता कसली भीती?" असे रत्नागिरीच्या वाड्यांतून सर्रास ऐकू येते. मंडळी, इथेच फसगत होते. डेंगीच्या विषाणूचे प्रकार 4. एका प्रकाराविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे त्याला पुन्हा शिरू देत नाहीत. पण दुसरा प्रकार आला की तीच प्रतिपिंडे कधीकधी त्याला पेशीत वाट करून देतात. राखणदारानेच चोराला खिडकी दाखवावी, तसे! 1960 च्या दशकात बँकॉकच्या आजारी मुलांवरून हे डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागले.

म्हणून ताप उतरला तरी पोटात सणकून दुखले, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आले, तर तडक दवाखाना गाठा. अ‍ॅस्पिरिन देऊ नका. आगरातल्या करवंट्या नि पोफळीच्या विऱ्या आजच उचला. त्यांत साचलेल्या पाण्यात हा डास वाढतो.