कार्यक्षेत्रातील पत : हानी आणि पुनर्स्थापना

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• ‘पत’ या संकल्पनेचे स्वरूप सांगता येईल.
• गमावलेली पत कोणत्या क्रमाने परत मिळते, हे उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• खुलासापत्राच्या भाषेतील गुणदोष ओळखता येतील.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पुणे-अहिल्यानगर मार्गावरील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान. आज त्याची दुसरी ओळख औद्योगिक वसाहत अशी आहे. शिरूर-दौंड परिसरातील अनेक जण तेथे पाळीत काम करून उरलेल्या वेळात शिक्षण घेतात. अशा एखाद्या कारखान्यातील प्रसंग कल्पनेने उभा करू. गुणवत्ता विभागातील एका तपासनिसाने पाळी संपण्याच्या घाईत काही नग न मोजताच तपासणीपत्रकावर सही केली आणि माल ग्राहक कंपनीकडून परत आला. मालाचे नुकसान काही दिवसांत भरून निघते. परंतु पुढे त्याच्या प्रत्येक सहीकडे संशयाने पाहिले जाते. पत जाते ती अशी.

‘पत’ म्हणजे काय?

पतपेढी, पतसंस्था, पतपुरवठा या शब्दांत ‘पत’ आहे. ज्याच्या शब्दावर दुसरा जोखीम पत्करण्यास तयार होतो, त्याला पत आहे असे आपण म्हणतो. लौकिक दुरून ऐकूनही निर्माण होतो. पत मात्र प्रत्यक्ष व्यवहारातून येते. ती आपली असली तरी इतरांच्या मनात साठवलेली असते, म्हणून ती मागून मिळत नाही. ‘बुंद से गयी वो हौद से नहीं आती’ ही हिंदीतून मराठीत रूढ झालेली म्हण याच अनुभवातून आली आहे. मग गेलेली पत परत येतच नाही काय? पुण्याच्या इतिहासातील एक प्रसंग याचे उत्तर देतो.

गोखल्यांची माफी

१८९७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस-एकतीस होते. साक्षीने त्यांचे नाव झाले. याच सुमारास पुण्यात प्लेगनिवारणाच्या मोहिमेत सैनिकांकडून होणाऱ्या घरझडत्यांमुळे असंतोष पसरला होता. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोखल्यांनी सैनिकांवर स्त्रियांवरील अत्याचाराचे गंभीर आरोप केले आणि ते ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी पुरावा मिळवण्याचा प्रयत्न केला. तो मिळाला नाही. सैनिकांच्या वर्तनाविषयी लोकांच्या तक्रारी होत्याच. परंतु जे सिद्ध करता येत नव्हते, ते गोखल्यांनी जाहीरपणे सांगितले होते. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी बिनशर्त माफी जाहीर केली. पत्रे पाठवणाऱ्यांची नावे मात्र त्यांनी उघड केली नाहीत. माफीने सुटका झाली नाही. सरकारच्या बाजूचे लोक त्यांना बेजबाबदार म्हणत, तर स्वकीयांपैकी अनेकांना माफी हा भ्याडपणा वाटला. त्या वर्षअखेर अमरावतीच्या काँग्रेस अधिवेशनात ही नाराजी उघड झाली.

यानंतर पुण्यात प्लेग पुन्हा फैलावला, तेव्हा गोखले स्वयंसेवक म्हणून निवारणाच्या कामात उतरले. १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर केलेले त्यांचे पहिले भाषण आकडेवारीच्या भक्कम आधारामुळे गाजले. १९०५ च्या बनारस अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. अमरावतीपासून बनारसपर्यंत आठ वर्षे गेली होती.

या प्रसंगाचा अर्थ

पहिली गोष्ट, गोखल्यांनी कबुली एकदाच आणि पूर्ण दिली. दोष पत्रलेखकांवर ढकलला नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पत जेथे गेली होती, तेथेच त्यांनी काम केले. प्लेगच्या प्रश्नावर विश्वास गमावला, म्हणून प्लेगच्याच कामात ते राबले. पुराव्यावाचून बोलल्याचा ठपका आला. पुढे पुराव्यानिशी बोलणे हीच त्यांची ओळख ठरली. माफीने केवळ दार उघडले. पत परत आणली ती नंतरच्या कामाने. हौदाने न येणारी गोष्ट थेंबाथेंबाने येऊ शकते.

दोष नसताना पत गेली तर?

गोखल्यांचे गुरू न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा अनुभव वेगळा होता. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात सरकारला रानड्यांविषयी संशय आला. त्यांची धुळ्याला बदली झाली आणि त्यांची पत्रे फोडून पाहिली जाऊ लागली. रानड्यांनी न केलेल्या गोष्टीची माफी मागितली नाही, की त्रागा केला नाही. बंडखोरांच्या नावाने आलेली पत्रे ते स्वतःच पोलिसांकडे पाठवीत. कालांतराने संशय मावळला आणि १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दोष आपला नसेल, तर कबुलीच्या जागी पारदर्शकता येते. आजच्या नोकरीत याचा अर्थ असा : आरोप लेखी मागावा, उत्तर लेखी द्यावे, नोंदी जपाव्यात आणि केवळ प्रकरण मिटावे म्हणून दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेऊ नये.

खुलासापत्राची भाषा

‘कारणे दाखवा’ नोटिशीला दिलेल्या खुलाशाचे दोन नमुने पाहा.

(अ) “कामाचा ताण असल्याने व मदतनिसाने सांगितल्याने सही झाली. काही चूक झाली असल्यास दिलगीर आहे.”

(आ) “काल दुसऱ्या पाळीत मी काही नग न मोजता तपासणीपत्रकावर सही केली. ही चूक माझी आहे. तो संपूर्ण लॉट मी पुन्हा मोजून देईन. यापुढे प्रत्येक माप नोंदवहीत लिहिल्यावरच सही करीन.”

पहिल्या नमुन्यात ‘सही झाली’ असे म्हटले आहे. सही करणारा कोठेच दिसत नाही. ‘असल्यास’ या शब्दाने चूकच संशयास्पद ठरवली आहे. दुसऱ्या नमुन्यात कर्ता, कृती, भरपाई आणि पुढील कार्यपद्धती हे चारही घटक क्रमाने येतात. शिवाय त्यातील वचन तपासून पाहता येते. नोंदवही रोज उघडली जाईल आणि तिच्यातील प्रत्येक अचूक माप एकेक थेंब ठरेल. काही महिने सहीची फेरतपासणी होत राहील. तिला अपमान न मानता साक्ष मानावे.

सारांश

पत म्हणजे इतरांनी आपल्यावर टाकलेला विश्वास. दोष आपला असेल तर स्पष्ट व पूर्ण कबुली, नसेल तर लेखी व पारदर्शक खुलासा ही पहिली पायरी होय. त्यानंतर जेथे विश्वास गेला, त्याच कामात दीर्घकाळ सातत्य राखावे लागते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘पत’ आणि ‘लौकिक’ यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. गोखले व रानडे यांच्या प्रसंगांतील साम्यभेद लिहा.
३. नमुना (अ) मधील भाषिक दोष दाखवून त्याचे पुनर्लेखन करा.
४. उपक्रम : आपल्या कार्यक्षेत्रातील एखादा काल्पनिक प्रसंग घेऊन सुमारे १०० शब्दांत खुलासापत्र लिहा.