पितळेची पुंगळी आणि सात वर्षांची सजा

गेल्या वर्षी पावसाळ्यात एक बाप माझ्या ऑफिसात आला. लष्करी छावणीच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीत राहणारा, हातगाडीवर भंगार गोळा करणारा. "वकीलसाहेब, पोराला उचललंय. कलम लय मोठं लावलंय म्हणतात," एवढेच तो बोलला आणि दाराशीच उभा राहिला. खुर्चीवर बसा म्हणून तीनदा सांगावे लागले.

पोराने काय केले होते? मोठ्या गोदामवाल्याकडून पितळेची एक गोणी किलोच्या भावाने घेतली. त्यात नळाच्या तोट्या, तुटकी भांडी आणि काही रिकाम्या पुंगळ्या निघाल्या. गोळी झाडल्यावर मागे राहते ती पितळी टोपण. पोर बारावी शिकलेले, हातात मोबाइल. पुंगळ्या घासून लख्ख केल्या, किल्लीच्या साखळीला लावल्या, फोटो काढला आणि जुन्या वस्तू विकणाऱ्या अ‍ॅपवर टाकला. एक नग पन्नास रुपये. पहिले गिऱ्हाईक आले ते साध्या वेशातले पोलीस निघाले.

पितळ वितळवायला दिले असते तर गुन्हा नव्हता का, असे त्या बापाने मला विचारले. प्रश्न साधा आहे. उत्तर साधे नाही. म्हणून हा लेख. छावण्या, डेपो, दारूगोळा कारखाने यांच्या आसपास आपल्या किती वस्त्या आहेत हे वाचकांना सांगायला नको. देहूरोड, खडकी, देवळाली, पुलगाव, भुसावळ, वरणगाव. आपल्या आधीच्या पिढ्यांनी तिथे हमाली केली. आता त्यांची नातवंडे तिथले भंगार वेचतात.

शस्त्र अधिनियम १९५९ उघडून पाहा. कलम २ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की बॉम्ब, तोफगोळे तर त्यात आहेतच, पण स्फोटक भरण्यासाठी बनवलेली वस्तू आणि दारूगोळ्याचे 'भाग' हेही आहेत. पुंगळी रिकामी असली तरी ती काडतुसाचा भाग, असे सरकारी वकील म्हणू शकतो. कलम ५ म्हणते, परवान्याशिवाय दारूगोळा विकायचा नाही, विक्रीला मांडायचाही नाही. फोटो टाकून भाव लिहिला की विक्रीला मांडलेच! आणि शिक्षा? कलम २५(१) खाली पूर्वी ती तीन ते सात वर्षे होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप झाली. ही दुरुस्ती शस्त्रांचे कारखाने चालवणाऱ्या टोळ्यांसाठी आहे असे आपल्याला सांगितले गेले. टोळीवाला किती सापडला ते गृहखाते जाणे, आमचे पोर मात्र सापडले. शिक्षा जन्मठेपेपर्यंत गेल्यामुळे दोषारोपपत्रासाठी पोलिसांना साठऐवजी नव्वद दिवस मिळतात. तेवढे दिवस गरिबाचे पोर आत.

याच कायद्यात कलम ४५(ड) आहे. शस्त्राचे किंवा दारूगोळ्याचे किरकोळ भाग, जे पूरक भागांना जोडून वापरण्याचा इरादा नाही, असे भाग मिळवणे, बाळगणे, नेणे याला हा कायदा लागूच होत नाही. पुंगळीत दारू नाही, पुढे गोळी नाही, मागचे टोपण फुटलेले, घरात बंदूक नाही. याहून किरकोळ भाग कोणता? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली विमानतळावर एका प्रवाशाकडे सापडलेल्या एका जिवंत काडतुसालासुद्धा याच पोटकलमाचे संरक्षण दिले आणि गुन्हा रद्द केला. बंदुकीविना एकटे काडतूस म्हणजे किरकोळ भाग, असे न्यायालय म्हणाले. निकाल चांगला आहे आणि मी तो न्यायालयात दाखवला. पण मनात आलेच, विमानाने जाणाऱ्याचे जिवंत काडतूस किरकोळ ठरते आणि हातगाडीवाल्याची फुटकी पुंगळी देशाच्या सुरक्षेला धोका ठरते!

सरकार पक्षाचा युक्तिवाद मात्र वाचकांनी समजून घेतला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. अपवादात मिळवणे, बाळगणे, नेणे हे तीन शब्द आहेत. 'विकणे' हा शब्द नाही. माझे म्हणणे असे की 'हा कायदा लागू होणार नाही' अशी त्या कलमाची सुरुवात आहे, आणि जी वस्तू कायदेशीरपणे बाळगता येते ती पितळ म्हणून विकली तर ती दारूगोळा होत नाही. फौजदारी कायद्यात शंका आली तर तिचा फायदा आरोपीला मिळतो. या मुद्द्यावर खटल्यात अजून निर्णय व्हायचा आहे. म्हणूनच कार्यकर्त्यांना सांगतो, पुंगळी घरात असणे आणि पुंगळीचा फोटो भावासकट टाकणे यांत मोठा फरक आहे. आणखी एक. नुसते बाळगल्याचा, म्हणजे कलम ३ चा खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते (कलम ३९). विक्रीचा भरायला लागत नाही. म्हणजे बाळगणाऱ्याला एक चाळणी आहे, विकणाऱ्याला तीही नाही. उलट, बंगल्यातल्या परवानाधारक साहेबाला आपली बंदूक विकायची झाली तर त्याने जिल्हादंडाधिकाऱ्याला कळवायचे, पंचेचाळीस दिवस थांबायचे आणि हक्कदार माणसाला विकायची. व्यापाराचा परवानाही लागत नाही.

आता मूळ प्रश्न. ती पुंगळी गोणीत आली कुठून? लष्कराचा निकामी माल लिलावात जातो. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात नोंदणीकृत खरेदीदार बोली लावतात. माल ठेकेदाराकडे, तिथून गोदामात, तिथून हातगाडीवर. दर पायरीला कागद कमी होत जातो आणि शेवटच्या माणसाकडे कागदच नसतो. पोलीस त्याच्यापासून सुरू करतात आणि त्याच्यापाशीच थांबतात. आमच्या प्रकरणात गोदामवाल्याचा साधा जबाब नाही.

बेफिकिरी वरून येते आणि मरतो खालचा. ३० सप्टेंबर २००४ रोजी गाझियाबादजवळ साहिबाबादच्या पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातले तोफगोळे फुटून दहा कामगार ठार झाले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ सोनेगाव आबाजी इथे जुनी स्फोटके नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला, सहा जण गेले. त्यांत रोजंदारीवर गेलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. गोळीबाराच्या मैदानात न फुटलेला गोळा पितळ-तांब्याच्या आशेने फोडताना माणसे मेल्याच्या बातम्या तर आपण वर्षानुवर्षे वाचतो.

कपड्यांबद्दलही भीती पसरवली जाते. जुन्या बाजारातून लष्करी पँट, बूट घेणारे मजूर आपल्याकडे पुष्कळ. भारतीय न्याय संहितेचे कलम १६८ (जुन्या दंडसंहितेचे १४०) सैनिक नसताना सैनिक भासवण्याच्या इराद्याने पोशाख घालणाऱ्याला लागते. थंडीसाठी स्वेटर घालणाऱ्याला नाही. पण लष्कराच्या २०२२ च्या नव्या गणवेशाच्या नकला विकायच्या भानगडीत पडू नका. त्या नक्षीची नोंदणी झालेली आहे.

आणि ते अ‍ॅप? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ त्याला मध्यस्थ म्हणून कवच देते. वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली अशा कंपन्यांना नियम घालून दिले. मग काडतुसाच्या भागांचा फोटो चढवताना मराठीत एक इशारा पडद्यावर यायला काय हरकत आहे? तेवढ्याने हे पोर वाचले असते.

भंगाराचे काम करणाऱ्या बंधू-भगिनींनी एवढे करावे. गोदामवाल्याकडून चिठ्ठी घ्या, तारीख आणि वजनासकट. गोणीत पुंगळ्या निघाल्या तर त्याला परत करा. जड, बंद तोंडाची, गंजलेली वस्तू दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवा. अटक झालीच तर न वाचता कशावरही सही करू नका. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच अर्ज करायचा. धर्मांतरित बौद्धांनाही १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा दाखला जवळ ठेवा.

पोराला एक्केचाळिसाव्या दिवशी जामीन मिळाला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी आहे, त्यामुळे लागलेली नोकरी गेली. मोबाइल अजून मुद्देमालात जमा आहे. त्याचे हप्ते बाप भरतो आहे.