पुरस्कारांचा सोहळा आणि आपल्या घरची मुले

वर्षावासाचे दिवस होते. विहारात रोज रात्री ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५ ची रात्र. वाचन संपले, सरणत्तय झाले आणि चटया गुंडाळता गुंडाळता आयाबायांत एकच विषय निघाला. त्या दिवशी दुपारी दिल्लीच्या विज्ञान भवनात ७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे वाटप झाले होते. साडी नेसलेली एक चिमुरडी राष्ट्रपतींच्या हातून पदक घेताना सर्वांनी टीव्हीवर पाहिली होती. “केवढीशी ती पोर, पण चालली कशी ऐटीत!” असे जो तो म्हणत होता.

आम्ही कचेरीतून घरी आलो तेव्हा सोहळा संपला होता. रात्रीच्या बातम्यांत थोडा आणि मुलीच्या मोबाईलवर बराचसा पाहिला. पाहता पाहता मुलीने विचारले, “पप्पा, यात आपलं कोण आहे?” शेजारी बसलेल्या आमच्या मातोश्री म्हणाल्या, “अगं, बक्षीस देणारी बाई बघ आधी. आदिवासी घरातली लेक आहे ती.” खरेच होते. राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू पदके देत होत्या. पण मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्याने पुरे होत नव्हते. म्हणून यंदाच्या मानकऱ्यांविषयी आमचे मत वाचकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही काही समीक्षक नव्हे. घरात चार माणसांबरोबर बसून पाहणारे प्रेक्षक आहोत.

मुलांनी मान राखला

सर्वांत आनंदाची गोष्ट आधी सांगतो. उत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार पाच मुलांना विभागून मिळाला आणि त्यांतली चार मुले मराठी चित्रपटांतली आहेत. ‘नाळ २’ मधील त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे व भार्गव जगताप आणि ‘जिप्सी’ मधील कबीर खंदारे. ‘नाळ २’ ला उत्कृष्ट बालचित्रपटाचाही मान मिळाला. त्याच्या निर्मात्यांत नागराज मंजुळे आहेत, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ‘जिप्सी’ ही भटक्या कुटुंबातल्या एका मुलाची कथा आहे. ज्यांच्या पालांजवळून आपण एसटीने रोज जातो पण खिडकीतून मान वळवून पाहत नाही, त्यांच्या पोराची गोष्ट दिल्लीपर्यंत गेली, हे आम्हाला मोठे वाटते.

येथे २०१४ ची आठवण येते. त्या वर्षीच्या ६१ व्या पुरस्कारांत मंजुळे यांच्या ‘फँड्री’ ला पदार्पणातील उत्कृष्ट चित्रपटाचा इंदिरा गांधी पुरस्कार आणि जब्याचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. मेलेले डुक्कर काठीला बांधून जब्या आणि घरची माणसे शाळेच्या भिंतीजवळून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेब आणि इतर महापुरुषांची चित्रे आहेत. तो प्रसंग पाहून आमच्या आळीतली टिंगलखोर पोरेसुद्धा गप्प झाली होती.

‘आत्मपॅम्फ्लेट’ चा पुरस्कार

पदार्पणातील उत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार यंदा ‘आत्मपॅम्फ्लेट’ साठी आशिष बेंडे यांना मिळाला. लेखन परेश मोकाशी यांचे. २०२३ साली बर्लिनच्या महोत्सवात हा चित्रपट दाखविला गेला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्याकडे लागला. आम्हाला तो सिनेमागृहात पाहण्याचा योग आला नाही. आमच्या खाडीकाठच्या गावातून तालुक्याला जाऊन चार तिकिटे काढायची म्हणजे आठवड्याच्या बाजाराचे पैसे जातात. पुढे मोबाईलवर पाहिला.

दलित घरातला एक शाळकरी मुलगा आणि त्याचे वर्गातल्या वरच्या जातीच्या मुलीवरचे भाबडे प्रेम, अशी कथा आहे. त्या वर्षांत देशात जे जे घडत होते ते त्या पोराच्या गोष्टीत येत जाते. आमच्या मते यंदाच्या सर्व पुरस्कारांत हा अगदी योग्य ठिकाणी पडलेला पुरस्कार आहे. कारण सोपे आहे. आपला मुलगा पडद्यावर आला की त्याने मार तरी खायचा किंवा मरायचे तरी, अशी आम्हाला सवय झाली होती. हा मुलगा हसतो, हसवितो, गोंधळतो, मित्रांबरोबर फिरतो. अन्याय दाखविलाच पाहिजे, पण आपल्या मुलांना आनंदही असतो, हेही कोणी तरी दाखवायला हवे होते.

दोन फणस आणि एक हरवलेली मुलगी

उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा मान ‘कटहल’ ला मिळाला. कटहल म्हणजे आपला फणस. आमदाराच्या बागेतले दोन विलायती जातीचे फणस चोरीला जातात आणि सगळे पोलीस ठाणे त्यांच्या शोधाला लागते. त्याच वेळी माळ्याची मुलगी बेपत्ता असते, तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष नाही. तपास करणारी इन्स्पेक्टर महिमा बसोर ही दलित समाजातली आहे. ती मोठ्या हुशारीने फणसाच्या तपासालाच मुलीचा तपास जोडते. आमच्या कोकणात फणसाची चोरी म्हणजे हसण्याचा विषय. त्यामुळे घरात हसू खूप झाले. पण शेवटी मातोश्री म्हणाल्या, “फणस आमदाराचा होता म्हणून पोरगी सापडली.” साऱ्या चित्रपटाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले.

या चित्रपटाचे लेखन दिग्दर्शक यशोवर्धन मिश्रा आणि त्यांचे वडील अशोक मिश्रा या दोघांचे आहे. अशोक मिश्रा म्हणजे श्याम बेनेगल यांच्या ‘समर’ चे पटकथाकार. मुंबईची मंडळी खेड्यात दलितांवरच्या अन्यायाचा चित्रपट काढायला जातात आणि त्यांच्या स्वतःच्या मनातली जातच उघडी पडते, असा तो विषय. १९९८ सालच्या चित्रपटांसाठी जे ४६ वे राष्ट्रीय पुरस्कार दिले गेले, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘समर’ ठरला आणि पटकथेचा पुरस्कार मिश्रांना मिळाला. त्यात काम करणारे आपले किशोर कदम हेच पुढे ‘फँड्री’ त जब्याचे वडील झाले.

महाडचे तळे आणि इंग्रजीचे पदक

त्याच ४६ व्या पुरस्कारांत डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटाला तीन मान मिळाले. मामुट्टी यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा (अजय देवगण यांच्याबरोबर विभागून), नितीन चंद्रकांत देसाई यांना कलादिग्दर्शनाचा आणि उत्कृष्ट इंग्रजी चित्रपटाचा. त्या वेळी राष्ट्रपतिपदी के. आर. नारायणन होते. केरळातल्या एका दलित झोपडीतून शिकून पुढे आलेला माणूस त्या पदावर, आणि केरळच्याच एका मुस्लिम नटाने साकारलेले बाबासाहेब! आम्हाला याचा फार अभिमान वाटतो. नितीन देसाईंनी पुढे आमच्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतला, आपला स्टुडिओ उभारला. २ ऑगस्ट २०२३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला, तेव्हा आमच्या गावातही हळहळ झाली.

मात्र एक गोष्ट मनाला लागते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जी माणसे गेली, ती आमच्या या खाड्यांच्या काठची, डोंगरकपारीतली. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या मुक्तिदात्याच्या चरित्राला पदक मिळाले ते इंग्रजी चित्रपट म्हणून. बाबासाहेब साऱ्या जगाला कळावेत म्हणून इंग्रजी हवीच, हे आम्हाला मान्य आहे. पण तळ्यावर गेलेल्यांच्या नातवंडांना तो चित्रपट आपल्या बोलीत गावोगाव दाखविण्यासाठी जेवढा खटाटोप व्हायला हवा होता, तेवढा झालेला आमच्या तरी पाहण्यात नाही.

श्यामची आई

उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ ची निवड झाली. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ ला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले होते. अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ या चित्रपटाचा मुहूर्त १९५४ च्या जानेवारीत बाबासाहेबांच्या हस्ते झाला आणि त्याला पुढच्या वर्षी रौप्यपदक मिळाले. ही दुसरी गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिली.

साने गुरुजींविषयी आम्हाला आदर आहे. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. पण ‘श्यामची आई’ पुस्तकात जेथे आई श्यामला अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलून द्यायला सांगते, तेथेच परत आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. शाळेत हे वाचताना आम्ही मान खाली घातली होती, ते अजून आठवते. त्या माउलीचे मन मोठे होते, पण त्या काळच्या धर्माने तिच्या दयेलाही विटाळ लावून ठेवला होता. आपल्या मुलांनी हा चित्रपट जरूर पाहावा आणि ती म्हातारी घरी गेल्यावर तिच्या मुलांना काय म्हणाली असेल, याचाही विचार करावा.

जे पटले, जे पटले नाही

शाहरुख खान यांना ‘जवान’ साठी आणि विक्रांत मेस्सी यांना ‘ट्वेल्थ फेल’ साठी अभिनयाचा पुरस्कार विभागून मिळाला. शाहरुखच्या नावावर आमच्या घरात टाळ्या पडल्या, पण आमची टाळी मेस्सींना. बारावीला नापास झालेला चंबळचा गरीब मुलगा पोलीस अधिकारी होतो, ही सत्यकथा आपल्या घराघरातल्या मुलांनी पाहावी. एवढेच म्हणतो की, नापास झालेल्या मुलाला पुन्हा सुरुवात करायला नुसती जिद्द पुरत नाही. बसायला जागा, दिवा, पुस्तके आणि दोन वर्षे पाठीशी उभे राहणारे घर लागते.

दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘द केरला स्टोरी’ ला मिळाला, तो आम्हाला मुळीच पटला नाही. ३२ हजार मुलींचा जो आकडा प्रचारात सांगितला गेला, त्याला अधिकृत आधार नाही अशी सूचना चित्रपटासोबत दाखविण्याचे मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ठरले. एका समाजाविषयी संशय पसरविणे म्हणजे काय, हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या आपल्यासारख्यांनी तरी ओळखले पाहिजे.

आणि २०२३ ची गोष्ट. २०२१ सालच्या चित्रपटांच्या ६९ व्या पुरस्कारांत ‘जय भीम’ या तमिळ चित्रपटाला एकही पुरस्कार मिळाला नाही. पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या एका गरिबाच्या बायकोला वकील चंद्रू यांनी मिळवून दिलेल्या न्यायाची ती खरी कथा. तसेच ‘कोर्ट’ या चित्रपटाला ६२ व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्यात शाहीर नारायण कांबळे झालेले नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांना अभिनयाचे पदक नव्हते. १३ एप्रिल २०२१ रोजी, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, ते कोरोनाने गेले. पदक नसले तरी आपल्या माणसांनी त्यांना विसरू नये.

“पुरस्कारातही जात?”

हे सारे आम्ही कचेरीत डबा खाताना बोललो, तेव्हा एक सहकारी म्हणाले, “अहो, कलेच्या पुरस्कारातही तुम्ही जात बघता?” माणूस सज्जन आहे, वाईट हेतूने बोलला नाही. आम्ही त्यांना आमच्या शाळेतली हकिगत सांगितली. स्नेहसंमेलनाच्या नाटकात आमचे पाठांतर वर्गात सर्वांत चांगले होते. तरी राजाचे काम दुसऱ्याला मिळाले आणि आम्हाला पडदा ओढायला ठेवले. त्या रात्री आमचे वडील गवंडीकामावरून तसेच थेट नाटक पाहायला आले होते. “तू कुठं दिसला नाहीस रे?” असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, “पडदा मीच ओढला, बाबा.” ते काही बोलले नाहीत, पाठीवरून हात फिरविला. जात आम्ही बघत नव्हतो, ती आम्हाला बघत होती. सहकाऱ्यांनी डब्याचे झाकण लावले आणि म्हणाले, “हे मला माहीत नव्हते.” आम्हाला तेवढे पुष्कळ झाले.

आता आपण काय करावे?

दिल्लीच्या परीक्षकांवर आपला अधिकार नाही, पण आपल्या विहारावर आहे. आमच्या पंचायतीपुढे आम्ही एक साधी सूचना मांडली आहे. दर महिन्याच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात एक चांगला चित्रपट सर्वांनी मिळून पाहावा, अर्धा तास चर्चा करावी आणि चर्चेत पहिल्यांदा मुलांना व महिलांना बोलू द्यावे. जयंतीला नुसता डीजे न लावता मुलांचे एक नाटक बसवावे. भीमराव कर्डकांच्या जलशाने खेड्यापाड्यांत चळवळ नेली, तेव्हा त्यांच्याजवळ कोणता स्टुडिओ होता? आणि नाटकात ज्याचे पाठांतर चांगले त्यालाच मुख्य काम द्यावे, मग तो पंचांचा मुलगा असो की मोलकरणीचा. आपल्यातही पडदा ओढणारी पोरे ठरलेली असतात, हे कबूल करायला हवे.

मुलीने विचारले होते, “यात आपलं कोण आहे?” आम्ही तिला आता सांगितले आहे की, जो माणसाची गोष्ट खरेपणाने सांगतो तो आपला, मग तो केरळचा असो, चंबळचा असो की करमाळ्याचा. आणि पुढच्या जयंतीच्या नाटकात तिने काम करायचे ठरविले आहे. कोणते काम, ते पाठांतर झाल्यावर ठरेल.

जयभीम!